ओट्यावरचा शरद

शरद ऋतूची जुन्या कवींनी फार तारीफ केली आहे. धुतलेलं आकाश, टिपूर चांदणं, निवळलेलं पाणी, कमळांनी भरलेली तळी. यातलं काही खोटं नाही; संध्याकाळी वडाळे तलावाकाठी फिरताना मीही ते मान्य करते. फक्त या कवींपैकी कोणी ऑक्टोबरातल्या दुपारी पनवेलच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभं राहिलेलं नसावं. पंचांगाने आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने शरदाच्या नावावर केले आहेत. पनवेलात त्यातला पहिला तुकडा परतीचा पाऊस घेतो, मधला ऑक्टोबर हीट घेते, आणि शरदाच्या वाट्याला उरतात थोड्या गार पहाटा, एक कोजागिरी आणि घराचं पुढचं दार. पहाटा नि कोजागिरी आपल्या हातात नाहीत. दार आहे.

दार म्हणजे दारापुढचा ओटा. सिडको स्थापन झाली १९७० साली, आणि पुढे नवीन पनवेल वसवताना तिने जी बैठी घरं बांधली, त्यातल्या एका घरात आम्ही राहतो. कोणत्या घरात किती माणसं राहतील याचा सिडकोने नीट हिशोब केला होता. चपलांचा केला नव्हता. त्यामुळे आमच्या ओट्यावर एक चपलांचं स्टँड, त्यात न मावलेल्या चपला, एक सायकल, विजेच्या मीटरचा डबा, रिकामा सिलिंडर आणि कुंडीतली तुळस एवढी मंडळी कायमची राहतात. आमच्या रांगेत बऱ्याच जणांनी ओट्याला आधी ग्रील लावलं, मग ग्रीलला काचा लावल्या, मग आत सोफा टाकला आणि ओट्याची खोली झाली. आमचा ओटा अजून ओटा राहिला आहे. घरात यावर मतभेद आहेत, पण ग्रीलवाला आला की दोन्ही पक्ष त्याचा भाव ऐकून एक होतात.

जुन्या पनवेलात, टपाल नाक्याच्या आजूबाजूला, अजून काही घरं आहेत ज्यांना खरोखरीची ओटी आहे. आधी अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. कोणत्या माणसाला कुठवर येऊ द्यायचं हे त्या घरांत कोणी बोलून दाखवत नसे, पायऱ्याच सांगत. ओटीवर झोपाळा असे, त्यावर आजोबा असत. आमच्या तीन-चार हातांच्या ओट्यावर हा सगळा पसारा एकत्र आला आहे. दूधवाला, पेपरवाला, पार्सलवाला, शेजारची मांजर आणि लक्ष्मी या सगळ्यांना एकाच पायरीवरून यावं लागतं. त्यातल्या लक्ष्मीसाठी तेवढी पावलं काढलेली असतात. ती बहुधा मांजर वापरते.

शरदाची सजावट सुरू होते ती काही लावून नव्हे, पावसाळा काढून. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या ओट्याच्या भिंतीत राहायला येतो, असा माझा अनुभव आहे. निळी ताडपत्री सोडायची, तिच्यात साठलेलं पाणी नेमकं सोडणाऱ्याच्या अंगावर घ्यायचं, पायरीचं शेवाळ खरवडायचं, छत्र्या वाळवून माळ्यावर टाकायच्या. हवामान खात्याने २०२० साली तारखा नव्याने ठरवल्या, त्यानुसार मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो. योगायोग असा, की २०२५ साली याच तारखेला आमच्या तालुक्यातल्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. म्हणजे सरकारी हिशोबाने पावसाला निरोप आणि विमानाला आवतण एकाच दिवशी. पाऊस मात्र सरकारी कागद वाचत नाही. छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखा तो तोरण बांधून झाल्यावर एकदा हमखास परत येतो, आणि झेंडूचा पिवळा रंग भिंतीवर उतरवून मगच जातो.

गणपतीत लावलेल्या दिव्यांच्या माळा काढायच्या की नाहीत, हाही याच दिवसांतला वाद. पितृपक्षात नवीन काही आणायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण जुनं काढायला पितृपक्षाची हरकत नाही, हे सोयीने कोणाला आठवत नाही. ‘आता महिन्यावर दिवाळी आली, कशाला काढायच्या?’ असं म्हणत त्या राहतात. दिवाळीनंतर ‘आता नाताळ आलाच’ म्हणून राहतात. आमच्या गल्लीत एक माळ अशी आहे, की ती सर्वधर्मसमभावाने बारा महिने लुकलुकते.

या सगळ्या धबडग्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोटो येतो. तिच्या घराला लाकडी ओटा आहे, ती त्याला पोर्च म्हणते. पायऱ्यांवर लहानमोठे केशरी भोपळे मांडलेले, खांबांना मक्याची वाळकी ताटं बांधलेली, दारावर सुकलेल्या पानांचं गोल चक्र, कोपऱ्यात शेवंतीच्या कुंड्या आणि पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसवलेलं एक हसरं बुजगावणं. खाली लिहिलेलं असतं, ‘मावशी, तूपण कर ना काहीतरी!’

मावशीने मनातल्या मनात करून बघितलं. समजा, मी पायरीवर एक छान तांबडा भोपळा ठेवला. शेजारच्या काकू सकाळी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर येतील आणि विचारतील, ‘काय गं, भोपळा बाहेर का ठेवलास? नासलाय का?’ नासला नाही म्हटलं तर म्हणतील, ‘मग घारगे कर की.’ दुपारपर्यंत आणखी दोघी थांबून तोच सल्ला देतील. तिसऱ्या दिवशी, ऑक्टोबर हीटच्या कृपेने, काकूंचा पहिला प्रश्न खरा ठरेल. शिवाय आख्खा भोपळा बाईमाणसाने आधी चिरू नये, घरातल्या पुरुषाने पहिली सुरी लावावी, असा आपल्याकडे जुना संकेत. घरातला पुरुष ती सुरी शोधेपर्यंत दिवाळी येते. आणि दाराला टांगायचंच तर आपल्याकडे कोहळा आहे, तो नव्या घराला, नव्या दुकानाला दृष्ट लागू नये म्हणून टांगतात. त्याच्याकडे कौतुकाने बघायचं नसतं. त्याने आपल्याकडे लक्ष ठेवायचं असतं.

बुजगावण्याचंही तेच. पनवेलात बुजगावणी खूप आहेत, पण ती आता शेतात कमी आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतींवर जास्त. विसाव्या मजल्यावरून ती नजर लावणाऱ्यांना घाबरवत असतात. तिथले फ्लॅटचे दर ऐकले की ती आपल्याला वेगळी भीती घालतात.

राहिली वाळकी पानं. त्यांची अडचण हवामानाची आहे. आपल्या सह्याद्रीत पानं झडतात ती शिशिरात आणि त्यानंतर. आश्विनात कर्णाळ्याचं रान अजून हिरवंगार असतं, गवताला नुकता सोनेरी रंग चढू लागलेला असतो. आणि आपल्याकडे झाडं लाल होतात ती चैत्राच्या आसपास. कुसुंबाला तेव्हा लालभडक पालवी फुटते. म्हणजे भाचीकडे जुनी पानं जाताना लाल होतात, आपल्याकडे नवी पानं येताना. ओट्यावर वाळका पाचोळा पसरून ठेवला, तर झाडलोट करणाऱ्या मावशी तो गोळा करतील आणि वर चार शब्दही ऐकवतील. त्यांचं बरोबरच असेल.

पण भाचीच्या फोटोकडे थोडं थांबून बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. भोपळा, मका, पेंढा ही सगळी शेतातून आलेली मंडळी आहेत. पीक निघालं, चार दाणे घरात आले, ते दाराशी मांडून सगळ्यांना दाखवायचे, एवढाच त्या सजावटीचा मूळ अर्थ. आणि हे आपल्याकडे आहेच. भोपळ्याऐवजी भात आहे.

नवरात्र लागलं की उरण नाक्याकडे, बाजाराच्या कडेला, आसपासच्या वाड्या-पाड्यांवरच्या ठाकूर-कातकरी बायका येऊन बसतात. पुढ्यात फडकं, फडक्यावर आपट्याच्या फांद्या, आंब्याचे टाळे, झेंडू, आणि भाताच्या लोंब्या. काही जणी झेंडू आणि लोंब्या एकत्र ओवून तोरणंच करून आणतात. या लोंब्या हळव्या भाताच्या. कोकणात भाताच्या तीन जाती मानतात, हळवं, निमगरवं आणि गरवं. गरव्याला घाई नसते, ते दिवाळी बघून मग तयार होतं. हळवं मात्र दसऱ्याच्या सुमाराला पिकतं, जणू तोरणासाठीच त्याने वेळ साधलेली असते. शेजारच्या कर्जतला भातावर संशोधन करणारं केंद्र आहे, ते तर १९१९ पासूनचं. या मुलखाने भाताचा इतका विचार केला आहे, की दाराला सोन्याची नाही तर भाताची माळ बांधावी हे ओघानेच आलं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे याची स्वतंत्र पौर्णिमाच आहे. आपण जिला कोजागिरी म्हणून आटवलेलं दूध पितो, तीच तिकडे नवान्न पौर्णिमा. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुर्डूचं फूल, झेंडू हे सगळं आंब्याच्या पानात घेऊन सुताने बांधायचं. त्याला ‘नवं’ म्हणतात. ते दाराला लागतं, देवघराला लागतं, नांगराला लागतं आणि हल्ली मोटारसायकललाही लागतं. दाराची सजावट म्हणून याच्याहून देखणं आणि याच्याहून स्वस्त काही मी तरी बघितलेलं नाही.

आता यातलं सगळं आपलं जुनं, अस्सल, मातीतलं, असं म्हणून छाती फुगवायला जावं तर झेंडू मध्ये येतो. दसऱ्याला ज्याच्यावाचून पान हलत नाही तो झेंडू मुळात मेक्सिकोकडचा. समुद्र ओलांडून, युरोपीय व्यापाऱ्यांच्या पाठोपाठ तो इकडे आला आणि इतका रुळला की आज त्याच्याशिवाय रिक्षाची पूजा होत नाही. तिकडे मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी हीच फुलं लावून लोक आपल्या गेलेल्या माणसांना घरी बोलावतात. आपला पितृपक्ष नुकताच संपलेला असतो आणि त्यांचा यायचा असतो. फूल दोन्हीकडे ड्युटी करतं. घारग्यांतला तांबडा भोपळा अमेरिकेकडचाच, आणि भाचीच्या पोर्चवरची शेवंती मूळची चीनची. हॅलोविनचा कोरलेला भोपळासुद्धा आधी भोपळा नव्हता. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरत, अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. म्हणजे दारावरची शोभा सगळ्या जगाने एकमेकांकडून उसनी घेतलेली आहे. परत कोणी कोणाला दिलेली नाही, एवढंच.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा भाव असा असतो की लोक किलोऐवजी ‘पाव द्या’ म्हणतात. त्याच दिवशी अंधार पडला की उरलेले ढीग रस्त्याकडेला तसेच टाकून विक्रेते घरी जातात. एका दिवसात इतकी चढउतार शेअर बाजारालाही जमत नाही. आपट्याची कथा निराळी. सोनं म्हणून जे आपण एकमेकांच्या हातावर ठेवतो ते पुष्कळदा आपट्याचं नसतंच, कांचनाचं असतं. दोन्ही एकाच कुळातली, पान दोन्हींचं मधोमध चिरलेलं. कांचनाचं मोठं, आपट्याचं आखूड नि रुंद. सोन्यातही भेसळ होते याचा हा सर्वांत निरुपद्रवी पुरावा. पण त्यापायी आपटा आणि कांचन दोन्ही झाडं ओरबाडली जातात, हे निरुपद्रवी नाही. एक पान पुरतं. फांदीने मैत्री वाढत नाही.

मग दिवाळी. तेव्हा आमच्या ओट्यावर एक फळ येतं, भाचीला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही. ती फळ मांडून ठेवते, आम्ही फोडतो. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या टाचेखाली कारीट चिरडायचं. कडूजहर, लिंबाएवढं, हिरव्या पट्ट्यांचं हे रानफळ उरण नाक्यावरच्या त्याच बायका बाजारात घेऊन येतात. नरकासुर मेला, असं समजायचं. ओटा धुवायला कोण येणार यावरून मग घरात दुसरं युद्ध सुरू होतं आणि त्याचा निकाल पुराणात दिलेला नाही.

रांगोळीला आमच्याकडे दोन फरश्या मिळतात. पूर्वी कोकणात भाताचं तूस जाळून त्याची पांढरी राख रांगोळीला वापरत; म्हणजे दाणा ताटात, लोंबी दारावर, तूस उंबऱ्याशी, एका भाताने किती कामं करावीत! आता पिशवीतली रांगोळी, ठिपक्यांचा कागद आणि गेरू. काढायला पाऊण तास जातो. नंतर पार्सलवाला मुलगा येतो, खोकं बरोबर रांगोळीच्या मध्यावर ठेवतो, पुरावा म्हणून त्याचा फोटो काढतो आणि जातो. मोबाइलवर ‘पोचलं’ असा निरोप येतो, सोबत माझ्या रांगोळीचा तिच्या हयातीतला एकमेव फोटो. त्यात तिच्या चारही कडा छान आल्या आहेत.

आकाशकंदील वर, किल्ला खाली. माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला असो की घरी कामट्या बांधून घोटीव कागद चिकटवलेला असो, कंदिलाखालून उंच माणसाला वाकून जावं लागतं. छोट्या ओट्याने माणसाला नम्र केलं नाही असं होत नाही. किल्ल्याला जागा नसते म्हणून चपलांचं स्टँड चार दिवस घरात येतं. पनवेलच्या मुलांना नमुन्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. गच्चीवर गेलं की कर्णाळ्याचा अंगठा दिसतो, प्रबळगड दिसतो, शेजारी कलावंतिणीचा सुळका. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात आमच्याच जिल्ह्यातला रायगड आहे. त्या यादीत ओट्यावरचे किल्ले नाहीत, पण मातीत पेरलेले आळीव उगवून तटबंदी हिरवी झाली की मावळे जिथे उभे राहतात ती जागा कोणत्या वारशाहून कमी नसते. मावळ्यांच्या शेजारी एक प्लॅस्टिकचा डायनासोरही पहाऱ्याला असतो. त्याच्याबद्दल इतिहासकारांनी अजून मौन पाळलं आहे.

शेवटी तुळशीचं लग्न. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हाही. कुंडीभोवती उसाचा मांडव उभा राहतो, बुडाशी आवळे आणि चिंचा. भाचीच्या खांबांना मक्याची ताटं, माझ्या तुळशीला उसाची वाढं. दोघींच्या ओट्यांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट केलेली असते. फरक पुढे पडतो. तिची ताटं थँक्सगिव्हिंगपर्यंत उभी राहतात. आमचा ऊस मंगलाष्टकं संपायच्या आत मुलांच्या दातांखाली जातो.

आणि मला वाटतं, आमच्या ओट्याची सगळी गंमत इथेच आहे. इथे मांडलेलं काही टिकत नाही, कारण ते टिकण्यासाठी मांडलेलंच नसतं. कारीट टाचेखाली जातं, ऊस पोरं खातात, आवळे लोणच्यात पडतात, रांगोळी झाडूने जाते, किल्ला परत कुंडीत माती म्हणून जातो. तोरणातला झेंडू वाळला की त्याच्या पाकळ्या चुरगाळून टाकायच्या, पावसाळ्यात त्याची रोपं उगवतात. आणि लोंब्या? त्यांच्यावर चिमण्यांचा डोळा पहिल्या दिवसापासून असतो. एकेक दाणा सोलून त्या भाताचं तोरण पेंढ्याचं करून ठेवतात. सामान ठेवायला जागा नसलेल्या घराला याहून शहाणी सजावट नाही.

याच्या उलट ते प्लॅस्टिकचं तोरण. बाजारात ते दिसतं मात्र खरं: झेंडू पिवळाधमक, पानं तुकतुकीत, मधूनमधून खोटी लोंबीसुद्धा. धुता येतं, पुढच्या वर्षी चालतं, असं दुकानदार सांगतो. चालतंच. म्हणूनच सण कधी संपला हे त्याला कळत नाही. दसऱ्याला लावलेलं ते होळीला धुळीने करडं होऊन तसंच लटकत असतं, चिमणी येते, चोच मारते, निघून जाते. कोमेजणारं तोरण दिवस मोजत असतं. न कोमेजणारं फक्त जागा अडवतं. आणि जागा हीच तर छोट्या ओट्याची खरी चणचण आहे.

टॉवरमध्ये राहणारे म्हणतील, आम्हाला ओटाच नाही. लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये काही ठेवायचं नाही, असं कमिटीचं परिपत्रक असतं, आणि आगीच्या वेळी वाट मोकळी हवी हे खरंच आहे. पण चौकट कमिटीची नाही, तुमची आहे. पनवेलच्या आजूबाजूची भातखाचरं वर्षागणिक आटत चालली आहेत. काही विमानतळात गेली, काही इमारतींच्या पायात. ज्या जमिनीवर आज आपलं अकरावा मजला-बारावा मजला चाललं आहे तिथे कधीतरी हळवं भात पिकत होतं. तेव्हा तिथल्या चौकटीवर लोंबी असावी, हे सजावटीपेक्षा थोडं भाड्यासारखं आहे.

म्हणून एवढंच सांगणं: यंदा दसऱ्याच्या आधी उरण नाक्यावर गेलात, तर फडक्यावर बसलेल्या बाईकडून लोंब्यांचं एक तोरण घ्या. घासाघीस करू नका. त्या भल्या पहाटे डोंगरावरून चालत आलेल्या असतात. आपट्याचं एकच पान घ्या. आणि दिवाळीनंतर तोरण वाळलं म्हणून लगेच काढू नका, चिमण्यांचा हिशोब पुरा होऊ द्या.